घावाचा रकाना

माझ्या मावशीला दाताच्या डॉक्टरने एकदा दवाखान्यातून परत पाठवलं होतं. दाढ ठणकत होती म्हणून गेली, खुर्चीत बसली, आणि डॉक्टरने तोंड उघडायला सांगितल्यावर तिने ते प्रश्न विचारायला उघडलं. हे यंत्र मिनिटाला किती फेरे घेतं, त्यातलं पाणी कुठून येतं, दात मेला हे आधी तुम्हाला कळतं की त्याला? डॉक्टर भला माणूस, त्याने वीस मिनिटं उत्तरं दिली. बाहेर माणसं खोळंबली तेव्हा म्हणाला, "बाई, उद्या या आणि येताना प्रश्न घरी ठेवून या." घरी आल्यावर दाढ धरून ती मला म्हणाली, "मेलेला दात दुखतो कसा, हे विचारायचं राहिलंच की गं."

नातेवाईक तिच्याबद्दल म्हणायचे, नसत्या चौकशा फार. मला मात्र ती आवडायची, कारण ताकाला जाऊन भांडं लपवणं तिला कधी जमलंच नाही. जे विचारायचं ते ती सरळ विचारी, आणि उत्तर पटलं नाही तर तेच पुन्हा विचारी.

चॉकलेटच्या कारखान्यात ती एकतीस वर्षं कोकोच्या बिया कापत होती. ट्रक आला की त्या खेपेच्या पोत्यांतून मूठमूठ बिया काढायच्या, एकत्र करायच्या, आणि त्यातल्या शंभर मोजून मावशीच्या टेबलावर आणायच्या. टेबल खिडकीपाशी. त्यावर शंभर खळग्यांची लाकडी पाटी आणि आखूड पात्याची सुरी. प्रत्येक बी उभी चिरायची, अर्धी खळग्यात मांडायची आणि बघायचं. तपकिरी, आतून भेगाळलेली असेल तर नीट आंबलेली. राखी, गुळगुळीत निघाली तर कच्ची. कुणाच्या पोटात बुरशी, कुणाच्या पोटात कीड, कुणी चपटी, म्हणजे आत काहीच नाही. तपासणीच्या कागदावर कच्ची, बुरशी, कीड, चपटी हे दोषांचे चार रकाने होते आणि खाली मावशीची सही. ती सही झाल्याशिवाय पोती भट्टीकडे हलत नसत. चॉकलेट मात्र ती खात नसे. घशाला चिकटतं म्हणायची.

मी त्याच कारखान्यात खरेदी विभागात पत्रं लिहायचे. नोकरी मावशीच्या शब्दावर लागलेली, म्हणजे मी वशिल्याचं तट्टू. पण पत्रं चांगली लिहायचे, हे माझ्या तोंडाने सांगायला मला लाज वाटत नाही. पुढे वाटली.

एके दिवशी मावशीने पट्टी घेऊन तपासणीच्या कागदावर पाचवा रकाना आखला आणि वर लिहिलं, 'घाव'. मी जेवणाच्या सुट्टीत तिच्याकडे गेले होते. विचारलं, हे काय नवीन?

"ही बघ." तिने एक बी माझ्या तळहातावर ठेवली. सालीवर नखाने ओढल्यासारखी सरळ चीर होती. "ही माझ्या सुरीची नाही. मी अजून कापलीच नाहीये. ही तिकडूनच चिरली जाऊन आली."

"मग?"

"मग कशाने चिरली? आणि हिरव्या पट्ट्याच्याच पोत्यांत इतक्या का?"

माल कुठल्या भागातल्या बागांचा, त्याप्रमाणे पोत्यांवर रंगाचा पट्टा असे. निळा, पिवळा, हिरवा. निळ्या-पिवळ्यांत शंभरात एखाद-दुसरी बी अशी निघे. हिरव्यात आठ, दहा, कधी बारा. तिने जुन्या वह्याही चाळून ठेवल्या होत्या. तिला सवय होती, रकाना नसला तरी समासात बारीक टिंबं काढून ठेवायची. हिरव्या पट्ट्याची टिंबं सहा वर्षं सारखी पडत होती. फक्त दर वर्षी दोन आठवडे ती जवळजवळ नाहीशी होत, आणि मग पुन्हा सुरू.

"कोणते दोन आठवडे?" मी विचारलं.

"तेच तर मला कळत नाहीये," ती म्हणाली. तिचे डोळे अशा वेळी लकाकायचे. साठीला टेकलेली बाई, पण कोडं मिळालं की दुसरीतल्या पोरीसारखी दिसायची.

उत्तर आणलं ट्रक चालवणाऱ्या रेडिओने. त्याचं खरं नाव कुणी घेत नसे. एकदा सुरू झाला की बंद होत नाही, म्हणून रेडिओ. मावशीने त्याला सांगून ठेवलं होतं, की पुढच्या खेपेला एक अख्खं फळ घेऊन ये, मला ते फोडून बघायचंय. एका रविवारी तो फळ घेऊन तिच्या घरीच आला. पिवळं, हातभर नाही पण वीतभर लांब, अंगावर उभ्या शिरा. एकतीस वर्षं बिया कापून तिने फळ पहिल्यांदा बघितलं. ते हातात घेऊन ती कितीतरी वेळ नुसती फिरवत राहिली.

काका, म्हणजे मावशीचे यजमान, शिंपी. घरातच त्यांचं मशीन, आणि स्वयंपाकघरात येऊन टोमणे मारायला त्यांना कायम फुरसत. "आता याची पण मुलाखत घेणार का?" ते म्हणाले. मावशीने त्यांना कुंपण छाटायचा कोयता आणायला पाठवलं.

ओट्यावर फळ आडवं ठेवलं. रेडिओने दाखवलं तसा मावशीने उजव्या हाताने एक घाव घातला, पातं जरासं पिळलं, आणि फळ दोन वाट्यांसारखं उघडलं. आत पांढऱ्या गरात बिया माळेसारख्या बसलेल्या. एकही चिरलेली नव्हती.

"हं," मावशी म्हणाली. "दुसरं आणलंयस का?"

आणलं होतं. ते तिने डाव्या हाताने फोडलं. पहिला घाव सालीतच अडकला. दुसरा घसरला. तिसरा जोर लावून घातला तो थेट आत गेला. फळ उघडलं, आणि पाच बियांवर सरळ चिरा.

काका पुढे वाकले. मघाचं थट्टेखोर तोंड गेलं होतं. "शिकाऊ हाताचं काम आहे हे," ते म्हणाले. "माझ्याकडे नवा माणूस आला की कापडाला अशाच चिरा पडतात. कुठे थांबायचं ते हाताला कळत नाही."

मावशीने रेडिओकडे पाहिलं. "हिरव्या पट्ट्यावर सहा वर्षं शिकाऊच आहेत का रे सगळे?"

रेडिओ बंद पडला. मग म्हणाला, "मावशी, मोठ्या माणसाला एक घाव पुरतो. पोरांना तीन लागतात."

"केवढी पोरं?"

"आठ-दहा वर्षांची. आईबाप तिथेच राबतात. दिवसाला इतकी फळं फोडायचीच असतात, ती दोघांच्या हातून पुरी होत नाहीत." त्याने कोयता ओट्यावरून उचलून बाजूला ठेवला. "प्रमाणपत्र देणारे तपासणीवाले येतात तेव्हा पोरं घरी बसवतात. आधी कळवूनच येतात ना ते."

"किती दिवस असतात?"

"दोन आठवडे."

कोडं सुटलं होतं, पण मावशीला आनंद झालेला मला दिसला नाही. तिने त्या पाच चिरलेल्या बिया पुसल्या, कागदात गुंडाळल्या आणि म्हणाली, "त्या पोरांच्या हातातून कोयता सुटला पाहिजे. बाकी मला काही नको."

इथे एक सांगायला हवं. आमच्या चॉकलेटच्या वेष्टनाच्या पाठीवर एक ओळ छापलेली असे: 'या चॉकलेटसाठी एकाही मुलाला राबवलेलं नाही.' शेजारी प्रमाणपत्राचा गोल शिक्का. मी ती ओळ शेकडो वेळा पाहिली होती, आणि शाळेतली प्रार्थना म्हणावी तशी न वाचताच.

सोमवारी मावशी वह्या घेऊन खरेदीसाहेबांच्या खोलीत गेली. मी तिथेच कोपऱ्यात माझ्या टेबलावर. साहेब वाईट माणूस नव्हते. आपण एखाद्याला वाईट ठरवलं की आपली सुटका होते, म्हणून हे मुद्दाम सांगते. त्यांच्या टेबलावर त्यांच्या दोन मुलींचा फोटो होता आणि ते मावशीला बसायला खुर्ची द्यायचे. तिचं सगळं त्यांनी ऐकून घेतलं. बिया पाहिल्या. टिंबं पाहिली. त्या दोन रिकाम्या आठवड्यांवर त्यांचं बोट थांबलं, मग त्यांनी समोरच्या कॅलेंडरकडे पाहिलं आणि वही मिटली.

"बाई, आपल्याकडे प्रमाणपत्र आहे."

"ते त्या दोन आठवड्यांचं आहे, साहेब. उरलेल्या पन्नासांचं कुठे आहे?"

"मी त्या बागवाल्यांना पत्र पाठवतो," ते म्हणाले. "आजच."

ती गेल्यावर त्यांनी मला मजकूर सांगायला सुरुवात केली. पहिल्याच वाक्यात मी 'मुलं' असं लिहिलं, तसे ते म्हणाले, "तो शब्द नको."

"का, साहेब?"

"तो लिहिला म्हणजे आपल्याला माहीत होतं असं होईल. मग वेष्टन बदलावं लागेल, बाजारातला माल मागे घ्यावा लागेल. झाकली मूठ राहू दे. आपण बियांबद्दल लिहू. बियांना घाव लागू नयेत म्हटलं की पोरांना कोयता देणं त्यांचं तेच बंद करतील. कसं?"

मला ते फार हुशारीचं वाटलं. खोटं कशाला बोलू? वाटलं. सापही मरेल आणि काठीही मोडणार नाही. मी मन लावून पत्र लिहिलं: 'आपल्या मालात घाव लागलेल्या बियांचं प्रमाण चिंताजनक आहे. यापुढे शंभरात दोनपेक्षा अधिक अशा बिया आढळल्यास संपूर्ण खेप परत पाठवण्यात येईल.' साहेबांनी एक स्वल्पविरामही बदलला नाही. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणजे काय ते त्या पत्रात आहे, आणि उंटावर मी होते.

मावशीला मी पत्र वाचून दाखवलं. तिने विचारलं, "यात पोरं कुठे आहेत?" मी तिला साहेबांची युक्ती समजावली. तिला ती पूर्ण पटली नाही, पण माझ्यावर तिचा विश्वास होता. म्हणाली, "बघू. रकाना सांगेलच."

दोन महिने हिरवा पट्टा आलाच नाही. तिसऱ्या महिन्यात आला. मी काम टाकून तिच्या खिडकीपाशी जाऊन उभी राहिले. तिने शंभर बिया घेतल्या, कापण्याआधी एकेक बोटांत फिरवून पाहिली. एकावरही घाव नव्हता. तिने आणखी शंभर मागवल्या. नाही. आणखी शंभर. तीनशे बियांत शून्य.

मी टाळीच वाजवली. साहेब स्वतः खाली आले, चॉकलेटची मोठी पेटी मावशीच्या टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "बाई, तुमच्यामुळे." जाहिरात विभागातली एक मुलगी कॅमेरा घेऊन आली. मावशीला सुरी धरून हसायला सांगितलं. मावशी हसली नाही. तिने सुरी खाली ठेवली आणि मला विचारलं, "शून्य कसं?"

"अगं, पोरं कोयत्यावर नाहीत आता. म्हणून शून्य."

"निळ्या पट्ट्यावर सगळी मोठी माणसं आहेत. तिथेही शंभरात एखादी निघतेच. हात आहे, चुकतो. काल माझ्या हातून डाळीत दोनदा मीठ पडलं." ती पाटीकडे बघत होती. "चुका कमी झाल्या असत्या तर एक-दोन उरल्या असत्या. शून्य झालंय. म्हणजे चुका होतायत, आणि कुणीतरी बसून वेचून काढतंय."

"अख्ख्या पोत्यातून? एकेक बी?"

"हो. एकेक बी." मग हळू आवाजात म्हणाली, "एवढी बारीक बोटं कुणाची असतात गं?"

तिला उत्तर माहीत होतं आणि मलाही. तरी तिने खाली जाऊन रेडिओला विचारलं, कारण विचारल्याशिवाय एखादी गोष्ट खरी मानायची नाही हा तिचा धर्म. रेडिओ ट्रकच्या पायरीवर बसून चहा पीत होता. तो म्हणाला, कोयत्यावरची पोरं कोयत्यावरच आहेत. पत्र आल्यापासून आणखी धाकटी पोरं ताडपत्रीवर बसवलीत, घाव लागलेल्या बिया वेचायला. पाच-सहा वर्षांची. वेचलेल्या बिया दुसऱ्या एका कारखान्याला जातात, तिथे असा रकाना नाही.

करायला गेलो एक आणि झालं भलतंच. माझ्या त्या सुंदर पत्राने पोरं आगीतून फुफाट्यात पडली होती, आणि वर भावंडांनाही ओढून नेलं होतं. मी तिथेच रडायला लागले. मावशी माझ्यावर खेकसली, "रडायला वेळ आहे का? डोळे पूस."

त्या खेपेवर तिने सही केली नाही. पोती गोदामात पडून राहिली, भट्टी थंड पडली. दुसऱ्या दिवशी साहेब धावत आले.

"बाई, मालात दोष काय आहे?"

"मालात काहीच दोष नाही."

"मग सही का नाही?"

"सही म्हणजे मी बघितलं असं असतं. आणि मी अर्धंच बघितलंय. उरलेलं बघून येते, मग सांगते. आणि साहेब, तिकडे कळवू नका."

साहेबांनी बरंच सांगून पाहिलं. तिच्या निवृत्तीला दीड वर्ष उरलं होतं, त्याचीही आठवण करून दिली. मावशी म्हणाली, "मला आठवतंय. सुटीचा अर्ज द्यायचा का तसंच जाऊ?"

पुढे काय झालं ते आधीच सांगून टाकते, नाहीतर शेवटी विचाराल. बागेतून परत आल्यावर मी दुसरं पत्र लिहिलं. त्यात तो शब्द होता, नऊ वेळा. साहेबांनी ते दोन दिवस खणात ठेवलं आणि तिसऱ्या दिवशी सही करून वर, मालकांकडे नेलं. तिथे त्यांना काय ऐकावं लागलं ते त्यांनी कधी सांगितलं नाही. वेष्टनावरची ओळ निघाली. न कळवता तपासणीला जायची पद्धत सुरू झाली आणि घाव लागलेल्या बिया वेगळ्या न काढता त्याच भावाने घ्यायचं ठरलं. हिरव्या पट्ट्याच्या काही बागांत फळं फोडायला मोठी माणसं आली. काहींनी आमच्याशी व्यवहारच तोडला आणि माल दुसरीकडे वळवला. तिथल्या पोरांचं काय झालं ते आम्हाला माहीत नाही. मावशी आजही मला ते विचारते. मी काय सांगणार?

पण मला सांगायचंय ते त्या दिवसाचं. आम्ही दोघी रेडिओच्या ट्रकमध्ये बसून गेलो. पोचलो तेव्हा सकाळचं कोवळं ऊन होतं. पत्र्याच्या छपराखाली भली मोठी निळी ताडपत्री, तिच्यावर वाळलेल्या बियांचा थर, आणि कडेकडेने दहा-बारा पोरं उकिडवी बसलेली. लांबून कोयत्यांचे आवाज येत होते. ठक. मग ठक, ठक, ठक. कुणाचा कोणता ते आता मलाही ओळखू येत होतं.

मावशी सगळ्यांत धाकट्या मुलीशेजारी जाऊन मांडी घालून बसली. मुलीचे केस दोऱ्याने बांधलेले, पुढचे दोन दात पडलेले. तिने आमच्याकडे पाहिलं, पण हात थांबले नाहीत. ती बियांकडे बघतही नव्हती. मूठभर घ्यायची, अंगठा फिरवायची, एखादी मागे टाकायची, उरलेल्या पुढे ढकलायची.

मावशीला राहवलं नाही. "न बघता कसं कळतं गं तुला?"

"अंगठ्याला कळतं," मुलगी म्हणाली. "चीर असली की खरखर लागते. आजी, तुम्ही बघा." तिने मावशीचा अंगठा धरला आणि एका बीवरून फिरवला. मावशीने मान हलवली. एकतीस वर्षांत ही रीत तिला सुचली नव्हती, हे तिने मला नंतर सांगितलं.

"केव्हापासून बसतेस?"

"उजाडल्यापासून. दादा तिकडे फोडतो, मी इकडे वेचते. त्याच्या खूप निघतात." ती जराशी हसली. "आई म्हणते, एक जरी राहिली तरी सगळी पोती परत येतील, आणि मग आपल्याला इथे कुणी ठेवणार नाही."

"कुणी सांगितलं परत येतील म्हणून?"

"कारखान्यात एक बाई बसते ना. ती एकेक बी बघते. तिला घाव चालत नाही."

मी मावशीचा खांदा धरला. तिने माझा हात बाजूला केला. ती कधी खोटं बोलली नव्हती, आणि सहा वर्षांच्या पोरीशीही बोलायची तिची तयारी नव्हती.

"ती बाई मीच," मावशी म्हणाली.

मुलीचे हात थांबले. तिने मावशीकडे वर पाहिलं, मग हातातल्या बियांकडे, मग पुन्हा मावशीकडे. तिचा चेहरा एवढासा झाला.

"मागच्या पोत्यांत," तिने विचारलं, "माझी एखादी राहून गेली होती का?"

मावशीने तिचा अंगठा हातात घेतला. "नाही गं बाळा. एकही नाही."

तशी ती पोरगी ताडपत्रीवरून उठली आणि कोयत्यांच्या आवाजाकडे धावत सुटली. "दादा! आई!" ती ओरडत होती. "एकपण नाही राहिली! ती बाई आलीय, ती म्हणाली एकपण नाही!"